दोन सबंध फेटे आणि आवृत्ती तीन

श्री विद्युत्कला प्रसन्न. जिचा हिरवा दिवा लागला असता राज्ये चालतात, तांबडा लागला असता राज्ये थांबतात, आणि मधला पिवळा लागला असता काय करावे हे तिच्या घडवणाऱ्यासही ठाऊक नाही, त्या देवतेस प्रथम नमन करोन, आणि ज्यांनी ज्यांनी चालते यंत्र सुधारावयास घेतले त्या सर्व थोरांस दुरूनच मुजरा करोन, वर्तमान ऐसे जे, शके १९४५, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिले असता दोघा भावांपैकी एकास राग येईल सबब लिहीत नाही, छायायंत्र अद्ययावत करण्याचा मोठा पराक्रम जाहला. छायायंत्र म्हणजे लोक ज्यास कॅमेरा म्हणतात ते. राज्य लहान, परंतु शिस्त मोठी, आणि त्या शिस्तीतल्या दोन चाली पुरातन होत्या. पहिली चाल ऐसी की, कोणतेही लिहिलेले फर्मान दरबारात मोठ्याने वाचले म्हणजे ते कोणाच्या नावे आहे हे न पाहता ऐकणाऱ्या प्रत्येकास लागू होत असे. एके वर्षी परटाच्या नावची चिठ्ठी, ‘कपड्यांस खळ घालू नये’, ही हुकूमवाचक केरोजी यांनी चुकून सभेत वाचली, तेव्हा पुढे सव्वा वर्ष त्या राज्यातील सरदारांचे अंगरखे ओल्या पोळीसारखे लोंबत राहिले, आणि सेनापतींच्या चिरंजीवांचे लग्नही तसेच लोंबत लागले, परंतु हुकूम मोडला नाही. दुसरी चाल ऐसी की, दफ्तरात ज्याचे चित्र आहे ते घडले आणि ज्याचे चित्र नाही ते घडले नाही. चित्राच्या कोपऱ्यात यंत्र आपण होऊन नारिंगी आकड्यांत तारीख उमटवीत असे, तीच खरी तारीख, मग पंचांग काहीही म्हणो. येणेप्रमाणे राज्य सुखाने चालले होते.

थोरले महाराज दादासाहेब आणि धाकटे महाराज अप्पासाहेब हे एका आईचे दोन पुत्र. शके १९२३ चे दसऱ्यास दोघांचे मिळून एक चित्र काढले, त्यात दादासाहेब मध्यभागी सबंध उतरले आणि अप्पासाहेबांचा अर्धा फेटा खांबाआड कापला गेला. चित्र भिंतीवर टांगले. अप्पासाहेबांनी पाहिले आणि बोलिले, ‘‘माझे अर्धे डोके या घरास नको, तर उरलेल्या अर्ध्याचा भार तरी का?’’ आणि तेच दिवशी नदीपलीकडचा मुलूख घेऊन वेगळे जाहले. मग बावीस वर्षे एका नदीस दोन नावे, एका देवास दोन उत्सव, आणि एका आईस दोन वाटांनी येणारे खुशालीचे दोन कागद. मातुश्री आक्कासाहेब यांचे वय अठ्ठ्याऐंशी, उजव्या डोळ्याने कधीच राजीनामा दिलेला, डाव्यात थोडा कारभार शिल्लक होता, त्याबद्दल वैद्यांनी सांगितले की पावसाळ्यापर्यंत चालेल, पुढचे सांगवत नाही. तेव्हा आक्कासाहेबांनी दोन्ही लेकांस एकच मजकूर लिहिला, ‘‘दोघे एका बाकावर, दोन्ही फेटे सबंध, असे एक चित्र मला दिसते आहे तोवर दाखवा. पुढे भांडायचे ते भांडा, मला दिसायचे नाही.’’ याउपर दोघांचाही इलाज खुंटला, आणि अप्पासाहेब नदी ओलांडून येण्यास कबूल जाहले, परंतु अट घातली की, बाकावर बसणे एकदाच, चित्र एकच, आणि उठल्यावर पुन्हा बसणे नाही.

ते दिवशी प्रहर दिवसास चौकात शिसवी बाक मांडला आणि बाकाच्या आसपास बारा हात खांब नाही हे तीन वेळा मोजून घेतले. छायानवीस निळोपंत यांनी तिपाईवर यंत्र चढविले. हे निळोपंत तेच, ज्यांचे हातून तो अर्धा फेटा कापला गेला होता. बावीस वर्षे राज्यात लोक त्यांस मागून ‘फेटेकापे’ म्हणत आणि ते ऐकू न आल्यासारखे चालत. यंत्रही त्यांचेसारखेच जुने, परंतु इमानी. बॅटरी पेठेतली, अनामिक कुळातली, तरी सहा वर्षांत एकदा दगा दिला नाही. यंत्राच्या पोटात जी बुद्धी घातलेली असते तिला कारखानदार फर्मवेअर म्हणतात, तिचा क्रमांक दोन पूर्णांक चार, आणि त्या दोन पूर्णांक चारावर निळोपंतांनी बारशी, लग्ने, हत्तीची दातदुखी, सर्व काढले होते. आक्कासाहेब समोर खुर्चीवर बसल्या. दादासाहेब बाकाच्या उजव्या टोकास बसले, अप्पासाहेब डाव्या टोकास बसले, मध्ये तिसरा भाऊ बसेल एवढी जागा. अप्पासाहेबांचे मागे त्यांचा हुजऱ्या मखमली पेटी घेऊन उभा राहिला, पेटीत त्यांचे स्वतःचे छायायंत्र. निळोपंतांनी डोळा लावला, बोट कळीवर ठेवले आणि म्हणाले, ‘‘सरकार, जरा हसावे.’’ ऐसे म्हणता अप्पासाहेब हसले खरे, परंतु यंत्राकडे पाहून हसले, आणि सहज विचारल्यासारखे बोलिले, ‘‘हे अजून दोन पूर्णांक चारच का? आमच्याकडे तीन येऊन वर्ष जाहले.’’

बस्स. एवढ्या एका आकड्याने बावीस वर्षांचे सारे पुनः उकरून वर आले. दादासाहेबांचे हसणे आत गेले आणि मान वळली आणि त्यांनी हाक मारिली, ‘‘जिवाजीपंत!’’ जिवाजीपंत हे दफ्तरदार, आणि मागील सालापासून त्यांजकडे आवृत्तीकारभारी ऐसे दुसरेही पद होते. या पदाचे काम काय, हे त्यांस कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही कोणास विचारले नव्हते. ते पुढे येऊन म्हणाले, ‘‘हुकूम.’’ दादासाहेब म्हणाले, ‘‘आमचे यंत्र धाकट्यांच्या मागे कसे?’’ जिवाजीपंत म्हणाले, ‘‘सरकार, तीन क्रमांक माझ्या संग्रही सात महिने तयार आहे. छायानवीस लावू देत नाहीत.’’ तेव्हा निळोपंत यंत्र न सोडता बोलिले, ‘‘महाराज, यंत्र उत्तम चालते. आधी कळ दाबू द्यावी, लुकलुक करून चित्र येईल, मग तीन लावा, तीस लावा, मी शब्द काढणार नाही.’’ जिवाजीपंत म्हणाले, ‘‘चालते म्हणजे काय? बैलगाडीही चालते.’’ निळोपंत म्हणाले, ‘‘बैल रस्त्यात उभा करून त्याची शिंगे कोणी बदलत नाही, पंत.’’ आक्कासाहेब म्हणाल्या, ‘‘अरे दादा, काढू दे की त्याला. दोघे बसलात तेवढ्यात.’’ परंतु थोरल्यांच्या कानात ‘तीन’ हाच आकडा घुमत होता. ते म्हणाले, ‘‘आक्कासाहेब, चित्र पिढ्यान्‌पिढ्या राहणार. त्यात मी जुन्या आवृत्तीत बसलेला दिसू काय?’’ आता चित्रात आवृत्ती दिसत नाही, हे त्या चौकात फक्त हत्तीच्या माहुतास ठाऊक असावे, परंतु तो चौकाबाहेर होता. मग निळोपंतांनी विचारले, ‘‘या तीनमध्ये नवे काय आहे, एवढे तरी वाचून दाखवा.’’ जिवाजीपंतांनी कारखानदाराचा कागद काढिला. त्यात तीनच कलमे. एक, समुद्राखाली शंभर हातांवर निळा रंग अधिक निळा दिसेल. राज्यास समुद्र नव्हता. दोन, आणखी एका भाषेत सूचना वाचता येतील. ती भाषा कोणत्या मुलखाची हे जिवाजीपंतांस सांगता येईना. तीन, ‘काही परिस्थितींत स्थैर्यात सुधारणा’. कोणत्या परिस्थितींत, हे कारखानदाराने गुप्त ठेविले होते. सर्व दरबार ‘वा वा’ म्हणाला.

मग जिवाजीपंतांनी अस्तन्या मागे सारल्या. कागदात लिहिले होते की कार्ड कोरे असावे. कार्ड म्हणजे नखाएवढी चकती, तीवर सालभराची चित्रे साठलेली. निळोपंत म्हणाले, ‘‘पंत, त्यावर यंदाचा दसरा आहे, अजून कागदावर उतरविला नाही.’’ परंतु तोवर जिवाजीपंतांनी ‘पुसावे काय’ या प्रश्नास ‘होय’ म्हटलेही होते, आणि हत्तीची मिरवणूक आणि सोन्याची लूट आणि सीमोल्लंघन ही सर्व एका बोटाने नाहीशी जाहली, आणि जिवाजीपंतांनी दफ्तरदार या नात्याने तिथल्या तिथे वहीत लिहिले, ‘यंदा दसरा जाहला नाही.’ कोणी काही बोलिले नाही, कारण बोलणाराने तरी पुरावा कोठून आणावा. नंतर नवी बुद्धी कार्डावर चढविली आणि कार्ड यंत्रात घातले. यंत्र म्हणाले, ‘बुद्धी सापडत नाही.’ काढून पुन्हा घातले. यंत्र म्हणाले, ‘सापडत नाही.’ जिवाजीपंत म्हणाले, ‘‘यंत्र जुने, त्यास बुद्धी सापडणे कठीण.’’ निळोपंत म्हणाले, ‘‘आपण ती कार्डाच्या तिसऱ्या खणात ठेविली आहे, पंत. ते पहिल्या खणात पाहते.’’ मग पहिल्या खणात ठेविली, कळ दाबली, यंत्राच्या पाठीवरील काच उजळली आणि तीवर अक्षरे उमटली. लिहिलेले काही दिसले म्हणजे वाचणे हे केरोजींचे वतनी काम, सबब ते पुढे जाहले, घसा साफ केला आणि चौकाच्या चारी कोपऱ्यांस ऐकू जाईल ऐशा आवाजात वाचिते जाहले, ‘‘काम पूर्ण होईपर्यंत थांबावे! मध्येच बंद करू नये! कोणीही बाजूस होऊ नये!’’

येथे शेवटचे वाक्य केरोजींनी सवयीने पदरचे जोडले, कारण प्रत्येक हुकुमाची तीन वाक्ये असावीत ऐसा त्यांचा बाणा होता. परंतु वाचले ते वाचले. चौकात जो जेथे होता तो तेथे थांबला. भालदार भाल्यासह, चोपदार जांभईसह. दारातून आचारी सांज्याच्या पोळ्यांचे ताट घेऊन येत होता, तो एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर ऐसा राहिला. हत्ती बाहेर होता, त्याने ऐकले नाही, सबब तो आपले वेळेस जेवला. यंत्राच्या काचेवर एक रेघ सरकू लागली आणि बाजूस शेकड्याचे आकडे. दहा, वीस, पन्नास भराभर गेले, जिवाजीपंतांनी मिशीवर हात फिरविला. नव्वद आले. नव्व्याण्णव आले. आणि रेघ थांबली. एक घटका गेली, नव्व्याण्णव. दोन घटका गेल्या, नव्व्याण्णव. तेव्हा दादासाहेबांनी विचारले, ‘‘जिवाजीपंत, एक उरला आहे, त्यास किती वेळ?’’ जिवाजीपंत म्हणाले, ‘‘सरकार, नव्व्याण्णव तर आलेच, म्हणजे बहुतेक काम...’’ निळोपंत म्हणाले, ‘‘काठावर पोहोचून बुडालेला माणूसही बहुतेक तरलेला असतो, महाराज.’’ जिवाजीपंतांनी हळूच कळीकडे हात नेला, तसे केरोजी गरजले, ‘‘मध्येच बंद करू नये!’’ आणि हात जागच्या जागी राहिला, आणि पुढील दोन प्रहर त्या गृहस्थाने हात तसाच लांब धरून काढिले. ही त्यांची आवृत्तीकारभारी म्हणून एवढीच कामगिरी, जी सर्वांस स्पष्ट दिसली.

याप्रमाणे दोघे महाराज एका बाकावर, उठण्याची सोय नाही. पहिला प्रहर ते न बोलता बसले, एक पूर्वेकडे पाहात, एक पश्चिमेकडे. दुसऱ्या प्रहरास उन्ह सरकत अप्पासाहेबांच्या तोंडावर आले. ते डोळे बारीक करून बसले. दादासाहेबांनी एकदा पाहिले, दोनदा पाहिले, मग समोर पाहूनच विचारले, ‘‘उन्ह लागते काय?’’ ‘‘लागते.’’ ‘‘मग इकडे सरकावे.’’ ‘‘सरकता येते काय? हुकूम आहे.’’ दादासाहेबांनी केरोजींस विचारले. केरोजी विचार करून म्हणाले, ‘‘थांबावे असे आहे, सरकार. थांबून सरकण्यास मनाई वाचलेली नाही.’’ तेव्हा अप्पासाहेब सावलीत सरकले आणि मधल्या तिसऱ्या भावाची जागा भरली. थोडा वेळ गेला. अप्पासाहेब नाक उंच करून म्हणाले, ‘‘त्या ताटात काय आहे?’’ ‘‘सांज्याच्या पोळ्या.’’ ‘‘आक्कासाहेबांच्या हातच्या?’’ आक्कासाहेब खुर्चीवरून म्हणाल्या, ‘‘मग कोणाच्या? पहाटे उठून लाटल्या. आता बघत बसा दोघे.’’ ताट दहा हातांवर, आचारी उंबऱ्यात गोठलेला, आणि दोन राज्यांचे दोन धनी त्याकडे पाहात गिळीत बसले. दादासाहेब म्हणाले, ‘‘अप्पा, तुझे यंत्र काढ त्या पेटीतून. तीन आवृत्तीचे आहे ना? त्यानेच काढू चित्र, म्हणजे कामही होईल आणि तू जिंकल्याचेही होईल.’’ अप्पासाहेब बाकाची कड नखाने खरवडू लागले. ‘‘काढ की.’’ ‘‘नको.’’ ‘‘का? आमचे चित्र काढावयाची लाज वाटते?’’ तेव्हा अप्पासाहेब अगदी हळू बोलिले, ‘‘दादा, ते वर्षभर बंद आहे. ज्या दिवशी तीन जाहले त्याच दिवशी गेले. ते तर नव्व्याण्णवापर्यंतही आले नाही, चौसष्टावरच संपले. कारखानदारास सात पत्रे लिहिली. प्रत्येकाचे उत्तर एकच, बंद करून पुन्हा चालू करावे. जे चालूच होत नाही ते बंद कसे करावे, एवढे विचारले, तर उत्तर आले, आपल्या समाधानास पाच पैकी किती तारे द्याल?’’

हे ऐकून दादासाहेबांनी भावाकडे बावीस वर्षांत प्रथम तोंड वळवून पाहिले, आणि मग जे हसू आले ते दोघांसही आवरेना. भालदार हसला, चोपदाराची जांभई पुरी जाहली, आचाऱ्याचे ताट खुळखुळले. ‘‘मग पेटी कशाला आणलीस रे?’’ ‘‘तुला दाखवायला.’’ ‘‘बंद?’’ ‘‘पेटी मिटलेली असल्यावर बंद आहे की चालू, कोणास कळते?’’ दादासाहेब डोळे पुसून म्हणाले, ‘‘म्हणजे तू मिटलेल्या पेटीवरून मला चिडविलेस आणि मी त्यापायी उघडे यंत्र घालविले.’’ ‘‘ते तू पूर्वीपासून तसाच आहेस,’’ ऐसे अप्पासाहेब बोलून गेले आणि दोघांचेही हसणे तेथेच थांबले, कारण पूर्वीपासून म्हणजे कोठपासून, हे दोघांसही ठाऊक होते. तेव्हा अप्पासाहेबांनी तिपाईशी उभ्या निळोपंतांस विचारले, ‘‘निळोपंत, आज कोणी कोठे जाणार नाही, तर खरे सांगा. तो फेटा कसा कापला गेला?’’ निळोपंतांनी थोरल्यांकडे पाहिले आणि मान खाली घातली आणि म्हणाले, ‘‘यंत्राची चूक, सरकार.’’ आक्कासाहेबांचा डावा डोळा थोरल्यांवर स्थिर जाहला. दादासाहेबांनी बाकावरून बोट फिरवीत फिरवीत सांगितले, ‘‘यंत्राची नव्हे. निळोपंत म्हणाले होते, धाकट्या सरकारांनी एक पाऊल पुढे यावे, खांब आड येतो. मी म्हणालो, त्याने का यावे, मीच मध्ये आहे, काढा तसेच. नंतर तू गेलास, आणि मी यांस म्हणालो, यंत्राची चूक म्हणून सांगा. बावीस वर्षे ते सांगत आले.’’ अप्पासाहेबांनी आपल्या फेट्यास हात लावून पाहिला. मग एवढेच म्हणाले, ‘‘एक पाऊल. कोणी न सांगताही मी येऊ शकलो असतो.’’ आणि निळोपंतांनी खांद्यावरच्या उपरण्याने यंत्राची काच पुसली, जी स्वच्छच होती.

तेवढ्यात यंत्र टुर्र करून बोलिले. रेघ पुरी जाहली आणि शंभर उमटले. जिवाजीपंतांचा हात खाली आला आणि ते ओरडले, ‘‘पाहा! मी म्हणत नव्हतो?’’ दरबारात जयजयकार जाहला. निळोपंतांनी यंत्र पाहिले तो त्यातील सर्व सूचना त्या नव्या भाषेत, जिचा मुलूख कोणास ठाऊक नव्हता. अक्षरांवर टिंबे, टिंबांवर टोप्या. कोणती कळ कशाची कळेना. केरोजींनी वाचण्याचा यत्न केला, परंतु दुसऱ्याच शब्दास जीभ अडकली, आणि हे राज्याचे भाग्य, नाहीतर तेही सर्वांस लागू जाहले असते. सहा वर्षांत बसविलेले उजेडाचे, अंतराचे, रंगाचे सर्व हिशेब साफ. निळोपंतांनी अंदाजाने एक एक कळ दाबीत वाट काढिली, आणि आता कळ दाबणार तोच यंत्राने काचेवर एका बॅटरीचे चित्र दाखवून त्यावर तांबडी काट मारिली. जिवाजीपंतांनी कागद उलटून पाहिला. मागील बाजूस बारीक अक्षरांत चौथे कलम होते, जे पुढे कोणी वाचू नये म्हणूनच मागे छापले होते. या आवृत्तीपासून यंत्र फक्त आपल्या कारखान्याच्या कुळातील बॅटरी स्वीकारील. सहा वर्षे जिच्या जिवावर चालले, तिला यंत्र एका दिवसात म्हणाले, तू आमची कोण? निळोपंत बॅटरी तळहातावर घेऊन उभे राहिले. उन्ह चौकाच्या भिंतीवर चढू लागले होते. आक्कासाहेब म्हणाल्या, ‘‘काय जाहले? मला इतक्या लांबचे दिसत नाही.’’ दादासाहेब जिवाजीपंतांस म्हणाले, ‘‘जुने दोन पूर्णांक चार परत घाला.’’ जिवाजीपंत म्हणाले, ‘‘सरकार, मागे जाता येत नाही. कारखानदार पुढे जाणाऱ्यांचा आहे.’’ तेव्हा अप्पासाहेबांनी मागे हात केला, हुजऱ्याकडून मखमली पेटी घेतली, मांडीवर ठेवून सर्वांसमक्ष उघडली, आतले मेलेले यंत्र उपडे केले आणि त्याची बॅटरी काढून निळोपंतांपुढे धरिली. ‘‘ही अस्सल कुळातली आहे. वर्षभर बसून खाते आहे, बघा तिला काही काम जमते काय.’’ घातली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि हिरवा दिवा लागला.

मग निळोपंतांनी डोळा लावला आणि म्हणाले, ‘‘धाकट्या सरकारांनी...’’ आणि वाक्य पुरे होण्याआधी अप्पासाहेब एक वीत पुढे सरकले. थोरलेही सरकले. या खेपेस हसावे ऐसे कोणी सांगितले नाही. कळ दाबली. चित्र कागदावर उतरविले, ते ओले असतानाच आक्कासाहेबांचे हाती दिले. त्यांनी कागद डाव्या डोळ्यास जवळजवळ लावला आणि चित्रावरून बोट फिरविले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि म्हणाल्या, ‘‘दोन्ही सबंध आहेत.’’ पुढे काही वेळ त्यांनी कागद डोळ्यापासून काढिला नाही. परंतु जिवाजीपंतांस धीर निघेना. दफ्तरास नोंद हवी. त्यांनी वाकून कोपऱ्यातील नारिंगी आकडे पाहिले, आणि त्यांचे डोळे चमकले. आवृत्ती बदलताना यंत्र आपली तारीखही विसरले होते आणि आपल्या जन्माआधीच्या एका दिवसास जाऊन बसले होते. इंग्रजी सन दोन हजार, महिना पहिला, दिवस पहिला. म्हणजे शके १९२१, मार्गशीर्ष. म्हणजे फेटा कापला जाण्याच्या पावणेदोन वर्षे आधी. निळोपंत म्हणाले, ‘‘पंत, ती तारीख चुकलेली आहे.’’ जिवाजीपंत म्हणाले, ‘‘यंत्र नव्या आवृत्तीचे आहे, चुकणार कसे?’’ ‘‘मग दोघांच्या मिशा पांढऱ्या कशा?’’ ‘‘तेव्हा पांढऱ्या असतील. पुढे काळ्या जाहल्या असतील. दफ्तरास मिशांचा रकाना नाही.’’ ऐसे बोलून त्यांनी तेथेच ठराव लिहिला आणि केरोजींनी तो चारी कोपऱ्यांस वाचिला, ‘‘शके १९२१ पासून उभय बंधू एका बाकावर सलोख्याने बसलेले आहेत! सबब मध्यंतरी भांडण जाहले नाही! नदीस एकच नाव आहे!’’ शेवटचे वाक्य अर्थातच केरोजींचे.

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. वाचले म्हणजे लागू. बावीस वर्षे एका ओळीत गेली, आणि आता कोणी कोणावर रुसावे यासही आधार उरला नाही. अप्पासाहेब अटीप्रमाणे उठावयास लागले. दादासाहेबही लागले, कारण पाठ दुखत होती. तेव्हा आक्कासाहेबांनी चित्र पदराखाली ठेवले आणि विचारिले, ‘‘केरोजी, भांडण जाहले नाही म्हणता. मग बावीस वर्षे मी दर दिवाळीस एक पाट रिकामा मांडून ठेवत आले, तो कोणासाठी?’’ केरोजींनी जिवाजीपंतांकडे पाहिले, जिवाजीपंतांनी वहीकडे पाहिले, वहीने कोणाकडेच पाहिले नाही. आक्कासाहेब म्हणाल्या, ‘‘राहू दे. त्या पाटाचे चित्र नाही कोणी काढले. तो सकाळचा हुकूम पुन्हा वाचा बघू. यंत्राच्या काचेवरचा.’’ केरोजी म्हणाले, ‘‘आईसाहेब, ते काम तर पूर्ण जाहले.’’ ‘‘वाचा म्हणते ना.’’ केरोजींनी घसा साफ केला. ‘‘काम पूर्ण होईपर्यंत थांबावे! मध्येच बंद करू नये! कोणीही बाजूस होऊ नये!’’ अर्धे उठलेले दोघे महाराज तसेच थबकले. आक्कासाहेब म्हणाल्या, ‘‘यंत्राचे पूर्ण जाहले. माझे अजून व्हायचे आहे. बसा खाली.’’ आणि दोघे बसले. मग त्यांनी खुर्ची बाकाजवळ ओढविली, आचाऱ्यास उंबऱ्यातून सोडविले, आणि थंड जाहलेल्या पोळ्या दोघांच्या पानांत स्वतःच्या हाताने वाढल्या. दादासाहेबांनी विचारले, ‘‘आक्कासाहेब, किती शेकडा जाहले?’’ त्या म्हणाल्या, ‘‘खा गप.’’ अप्पासाहेब तो आठवडा गेले नाहीत, आणि त्यानंतरही बराच काळ गेले नाहीत, कारण काम पूर्ण जाहल्याचे आक्कासाहेबांनी कोणास सांगितलेच नाही.

येणेप्रमाणे आवृत्ती तीनचे वर्तमान. फलश्रुती पाहता, समुद्र नसल्याने निळा रंग तसाच राहिला. नवी भाषा कोणास आली नाही. एक दसरा बुडाला तो बुडालाच. ‘काही परिस्थितींत स्थैर्यात सुधारणा’ हे कलम मात्र दोन माणसे आणि एक बाक एवढ्यापुरते खरे ठरले, त्यात कारखानदाराचा काडीइतका हात नव्हता. निळोपंतांस त्या दिवसापासून कोणी फेटेकापे म्हणत नाही. जिवाजीपंतांस पद गेल्याचे अजून कळलेले नाही, कारण ते त्यांना कोणी मोठ्याने वाचून दाखविले नाही. आठव्या दिवशी कारखानदाराकडून आवृत्ती तीन पूर्णांक एक आली. केरोजी कागद उलगडून घसा साफ करू लागले, तेव्हा आक्कासाहेबांनी तो हातातून घेतला, चार घड्या केल्या, आणि बाकाचा एक पाय डुगडुगत होता त्याखाली सारला. बाक तेव्हापासून हलत नाही.